रेषा, रंग आणि घाट : रुब्लेव्हच्या ‘त्रैक्य’ चित्राच्या अभ्यासाच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

मध्ययुगीन ख्रिस्ती आयकॉन-चित्रांविषयी, म्हणजे लाकडी फलकावर रंगवलेल्या उपासनेच्या चित्रांविषयी, माझ्या वाचनात जे मराठी लेखन आले, त्यात प्रसंग कोणता आणि व्यक्ती कोण हे नीट सांगितलेले असते. पण रेषा कशी चालते, रंग कोणत्या क्रमाने चढतात आणि त्यांतून घाट, म्हणजे आकाराचा भरीव उठाव, कसा उभा राहतो, याकडे सहसा कोणी वळत नाही. चित्र काढणाऱ्याच्या दृष्टीने मूळ प्रश्न हेच आहेत. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी या प्रकल्पात एकच चित्र घेतले आहे : आंद्रेई रुब्लेव्ह या रशियन भिक्षू-चित्रकाराने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात काढलेले ‘त्रैक्य’.

लिंडेनच्या फळ्या जोडून केलेल्या, सुमारे १४२ सेंटिमीटर उंच आणि ११४ सेंटिमीटर रुंद फलकावर, अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी ते रंगवलेले आहे. मॉस्कोच्या ईशान्येस सेर्गिएव्ह पोसाद येथे संत सेर्गियसने स्थापलेल्या मठातील चर्चमध्ये ते शतकानुशतके होते. १९२९ मध्ये ते मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह संग्रहालयात आले आणि २०२३ मध्ये रशियन शासनाने ते पुन्हा ऑर्थोडॉक्स चर्चकडे सोपवले. विषय बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातला आहे : मम्रे येथील वृक्षांपाशी अब्राहामाकडे तीन पाहुणे येतात, तो त्यांच्यासाठी वासरू रांधतो, आणि ख्रिस्ती परंपरा त्या तिघांत पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांची खूण पाहते.

कामाचे दोन भाग ठरवले आहेत. पहिला, मोठ्या छायाचित्रांवरून संपूर्ण चित्राचा मूळ आकारातला रेषाभ्यास. दुसरा, उजवीकडच्या देवदूताचे मस्तक आणि खांदा एवढाच भाग लाकडी फलकावर जुन्या पद्धतीने रंगवणे. डावे-उजवे हे सर्वत्र पाहणाऱ्याच्या बाजूने समजावे. मला तपासून पाहायचे आहे ते असे की, आयकॉनमध्ये रेषा, रंग आणि घाट हे एकाच कामाचे लागोपाठचे टप्पे असतात आणि त्यांचा क्रम बदलला तर चित्राचा अर्थही बदलतो.

११ जानेवारी

फलक तयार करायला घेतला. रशियात लिंडेनचे लाकूड वापरत, कारण ते मऊ, हलके आणि कमी गाठींचे असते. पुण्यात ते मिळत नाही. वखारीत जुनी, चांगली वाळलेली शिवणीची फळी मिळाली. शिवण वाकत नाही, तडकत नाही, असा सुतारांचा अनुभव आहे आणि कापताना हाताला ते जाणवले. फळीच्या पाठीमागे तिरप्या खाचा पाडून त्यांत दोन आडव्या सागवानी पट्ट्या सरकवून बसवल्या. त्यांना खिळा किंवा सरस मुद्दाम लावलेला नाही, कारण पावसाळ्यात फळी फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, तेव्हा तिला हालायला वाव लागतो. मध्ययुगीन फलकांची मागची बाजू पाहिली तर हीच युक्ती दिसते.

समोरून मधला भाग थोडा खोल कोरून चारही बाजूंनी उंच कड ठेवली. त्या कडेमुळे चित्राला अंगचीच चौकट मिळते, आणि जुने चित्रकार कधी प्रभावलय, कधी पाय त्या कडेवर येऊ देत, म्हणजे आकृती आपल्या जागेतून पाहणाऱ्याच्या जागेत किंचित पुढे येते.

सरस रात्रभर पाण्यात भिजवून, नंतर गरम पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून वितळवला. सरस उकळू द्यायचा नसतो. उकळला की त्याचा जोर जातो. फळीला सरसाचा हात देऊन त्यावर धुतलेल्या मलमलीचा तुकडा ताणून चिकटवला. पुढे लाकडाला बारीक भेग पडलीच, तर ती रंगापर्यंत जाऊ नये एवढेच या कापडाचे काम.

१९ जानेवारी

खडूची चाळलेली पूड गरम सरसात कालवून तिचे पातळ थर आठवडाभर चढवत होतो, प्रत्येक थर आधीच्याला काटकोनात. हवा कोरडी असल्याने थर लवकर वाळले. आज घासून पृष्ठभाग गुळगुळीत केला. हा पांढरा थर पुढे झाकला जाणार असला तरी चित्रातला बराचसा उजेड त्याच्यातूनच परतणार आहे, कारण बलकातले रंग अर्धपारदर्शक असतात.

२६ जानेवारी

रेषाभ्यास पूर्ण झाला. गिरवताना जे हाताला कळले, ते नुसते पाहून कळले नसते.

तिन्ही देवदूतांचे चेहरे जवळजवळ एकसारखे आहेत. केशरचना तीच, वयही तेच. फरक आहे तो कलण्यात. डावीकडचा सर्वांत ताठ बसलेला आहे. त्याच्या वस्त्राच्या घड्या सरळ खाली उतरतात आणि हातातला दंडही उभा आहे. मधला देवदूत त्याच्याकडे मान कलती करतो, आणि त्याचे मस्तक चित्राच्या मध्यरेषेवरून डावीकडे सरकते. उजवीकडचा देवदूत पुरता झुकलेला आहे. मानेपासून खांद्यावरून पाठीपर्यंत एकच लांब, कुठेही न तुटणारे वळण आहे, आणि त्याचा दंडही त्या कलाबरोबर तिरपा होतो. मधल्या देवदूतामागचे झाड तोच कल उचलते, उजव्या कोपऱ्यातला डोंगरही तिकडेच वळतो. डाव्या कोपऱ्यातले घर तेवढे उभे राहते. म्हणजे संपूर्ण चित्रात एकच हालचाल आहे, उजवीकडून डावीकडे जाणारी, आणि ती डावीकडच्या देवदूतापाशी पोचून खाली उतरते, टेबलाखालून पायांकडे वळते आणि पुन्हा उजवीकडे येते.

कंपास ठेवून पाहिले. तिघांना सामावणारे वर्तुळ सहज बसते, पण ते चित्रात कुठेही काढलेले नाही. खांद्यांची, पंखांची आणि पावलांची वळणे त्याचे तुकडे देतात आणि डोळा ते पुरे करतो. रुब्लेव्हने वर्तुळ आखून त्यात आकृत्या कोंबल्या असत्या, तर त्या अवघडलेल्या दिसल्या असत्या. इथे प्रत्येक आकृतीचा स्वतःचा कल आधी आहे आणि वर्तुळ त्यांच्या परस्परसंबंधातून तयार होते.

दुसरी गोष्ट आतल्या बाजूच्या रेषांची. डाव्या आणि उजव्या देवदूतांच्या शरीराची टेबलाकडची बाह्यरेषा वरून खाली गिरवली, तर मधोमध एका मोठ्या प्याल्याचा आकार उमटतो आणि मधला देवदूत त्या प्याल्यात बसलेला दिसतो. टेबलावर ठेवलेल्या पात्रात वासराचे मस्तक आहे, म्हणजे बळी आहे, आणि मधल्या देवदूताचा हात आशीर्वादाच्या मुद्रेत त्या पात्राकडे आहे. उपासनेतला ख्रिस्तरक्ताचा प्याला अशा रीतीने एकदा वस्तू म्हणून आणि एकदा निव्वळ रिकाम्या जागेचा आकार म्हणून येतो. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही. दोन्ही बाजूंच्या रेषा इतक्या जपून एकमेकींना उत्तर देतात की त्यामागे विचार होता, हे हाताला पटते.

रेषेला एवढे महत्त्व का, याचे एक कारण चित्रकलेच्या बाहेर आहे. बायझंटाईन साम्राज्यात साधारण ७२६ पासून ८४३ पर्यंत, मधली सुमारे अठ्ठावीस वर्षांची उसंत वगळता, धार्मिक चित्रे ठेवावीत की नष्ट करावीत हा वाद पेटलेला होता. चित्रविरोधकांचा एक मुख्य आक्षेप असा की ईश्वराला सीमा नाही, त्यामुळे ख्रिस्ताची बाह्यरेषा काढणे मुळातच खोटे आहे. कॉन्स्टँटिनोपलमधील स्टुडिओस मठाचा प्रमुख थिओडोर याचे उत्तर मला आजही थक्क करते : ख्रिस्ताने खरोखर मानवी देह घेतला असेल, तर त्या देहाला सीमा होती, आणि ज्याला सीमा आहे त्याची रेषा काढता येते, रेषा नाकारणारा देहधारणच नाकारतो. ज्या परंपरेत बाह्यरेषेसाठी माणसांनी तुरुंग आणि हद्दपारी सोसली, त्या परंपरेतला चित्रकार ती रेषा संदिग्ध ठेवणार नाही, सावलीत विरघळवणार नाही.

२ फेब्रुवारी

आज टेबल, आसने आणि पादपीठे यांच्या सरळ रेषा तपासल्या.

डाव्या-उजव्या देवदूतांच्या पायांखालच्या पादपीठांच्या कडा मागे जाताना जवळ येत नाहीत, उलट फाकतात. याला उलटा यथादर्शनक्रम म्हटले जाते. तो अज्ञानातून आला, पंधराव्या शतकातल्या इटालियन चित्रकारांना जे साधले ते रशियन भिक्षूंना साधले नाही, असे पूर्वी सर्रास मानले जाई. पावेल फ्लोरेन्स्की या धर्मशास्त्र आणि गणित दोन्ही जाणणाऱ्या विद्वानाने १९१९ मध्ये या समजुतीला सविस्तर उत्तर दिले. त्याचा युक्तिवाद असा की एकाच स्थिर डोळ्याने पाहिलेले जग दाखवण्याची पद्धत ही अनेक पद्धतींपैकी एक आहे, आणि आयकॉनकारांनी नियम मोडला तेव्हा तो विचारपूर्वक मोडला.

फ्लोरेन्स्कीचे सगळेच म्हणणे मी स्वीकारत नाही; प्रत्येक फाकलेल्या रेषेमागे तत्त्वज्ञान शोधण्याची गरज नाही, काही ठिकाणी कार्यशाळेची सवयच असेल. तरीही या चित्रापुरते त्याचे म्हणणे मला मान्य आहे. पादपीठांच्या कडा मागे एका बिंदूत मिळाल्या असत्या, तर नजर आत खोल गेली असती आणि तिघांच्या मागे कुठेतरी हरवली असती. त्या फाकतात, म्हणून मागची खोली बंद होते आणि नजर पुन्हा पुन्हा टेबलावर परत येते. टेबलाची समोरची बाजू मोकळी आहे, तिथे कोणीही बसलेले नाही. चौथी बाजू पाहणाऱ्याची आहे.

या संदर्भात रुब्लेव्हने काय गाळले तेही नोंदवायला हवे. इटलीत राव्हेन्ना येथील सॅन व्हिताले चर्चमध्ये सहाव्या शतकातले कुट्टिमचित्र (रंगीत तुकडे जडवून केलेले मोझेइक) आहे, त्यात झाडाखाली टेबलाशी तिघे पाहुणे बसले आहेत, अब्राहाम ताट घेऊन येतो आहे आणि त्याची पत्नी सारा दारात उभी आहे. नोव्हगोरोदच्या ख्रिस्तरूपांतर चर्चमध्ये ग्रीक चित्रकार थिओफानेस याने १३७८ मध्ये काढलेल्या भित्तिचित्रातही यजमान दाखवले होते. रुब्लेव्हने अब्राहाम काढला नाही, सारा काढली नाही, वासरू कापणारा सेवकही काढला नाही. घर, झाड आणि डोंगर यांच्यापुरता प्रसंग उरला. गोष्ट कमी झाली तशी रेषेवरची जबाबदारी वाढली, कारण आता तिघांमधला संवाद सांगायला मानेच्या वळणांखेरीज काही नाही.

९ फेब्रुवारी

रेषा फलकावर उतरवून बारीक सुईने कोरली. जुन्या आयकॉनवर तिरपा उजेड टाकला की रंगाखाली अशा कोरलेल्या रेषा दिसतात, विशेषतः सोन्याच्या आणि रंगाच्या सीमेवर. त्यांचा व्यावहारिक उपयोग असा की रंगाचे थर चढले तरी मूळ रेषा बुडत नाही आणि शेवटी ती पुन्हा शोधता येते.

प्रभावलयाच्या जागी गेरू मिसळलेली बारीक चिकणमाती सरसात कालवून लावली, वाळल्यावर घोटली आणि त्यावर सोन्याचा वर्ख बसवला. हा वर्ख श्वासानेही उडतो. आणि तो चिकटवायचा तोही श्वासानेच, कारण मातीवर जवळून उबदार श्वास सोडला की ती किंचित ओलसर होऊन वर्ख धरते. नंतर अकीकाच्या दगडाने घासून चकाकी आणली.

सोने आधी लावायचे, कारण ओल्या रंगाला वर्ख कुठेही चिकटतो. पण या व्यावहारिक क्रमाचा परिणाम दूरचा आहे. रंगाचा पहिला थेंब पडण्यापूर्वीच फलकावरचा सर्वांत तेजस्वी भाग ठरलेला असतो, आणि पुढचा प्रत्येक रंग त्या तेजाच्या शेजारी तोलूनच ठेवावा लागतो. सोने कोणत्याही खिडकीतून आलेला उजेड दाखवत नाही. त्यावर पडणारा उजेड खोलीतलाच असतो, पाहणारा हलला की तोही हलतो. म्हणून आयकॉनमध्ये दिव्याची दिशा नसते आणि आकृतीची सावली जमिनीवर पडत नाही.

रुब्लेव्हच्या मूळ चित्रात पार्श्वभूमीवरचे सोने बरेचसे झिजून गेले आहे, आणि पुढच्या राजांनी चढवलेल्या सोन्याच्या आवरणाचे खिळे जिथे ठोकले होते त्या खुणा अजून दिसतात.

१५ फेब्रुवारी

रंगांच्या कामाला हात घालण्याआधी एक ऐतिहासिक मुद्दा नोंदवतो, कारण त्यावाचून या रंगांविषयी बोलणे अपुरे राहील.

आयकॉन पूर्ण झाल्यावर त्यावर उकळलेल्या जवसाच्या तेलाचा थर देत. या तेलाने रंग खोल आणि ओले दिसतात, पण काही दशकांत ते स्वतःच काळवंडते, त्यात मेणबत्त्यांची काजळी मिसळते आणि चित्र तपकिरी अंधारात जाते. मग दुसरा चित्रकार त्यावरच नवे चित्र काढी. ‘त्रैक्य’ चित्रावर असे अनेकदा झाले. शिवाय इव्हान चौथा आणि बोरिस गोदुनोव या रशियन राजांच्या काळात चढलेल्या सोन्याच्या आवरणामुळे चेहरे, हात आणि पाय एवढेच उघडे उरले. १९०४ मध्ये वासिली गुर्यानोव्ह याने ते आवरण उतरवून वरचे थर काढायला घेतले, आणि १९१८ मध्ये पुन्हा नव्याने साफसफाई झाली, तेव्हा कुठे निळा, हिरवा आणि फिकट गुलाबी असे रंग समोर आले.

याचा अर्थ असा की एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी आयकॉनकलेला काळपट आणि उदास म्हटले, ते तेलाच्या थराविषयी बोलत होते. १९११ मध्ये फ्रेंच चित्रकार आँरी मातिस मॉस्कोला गेला, तेव्हा इल्या ओस्त्रोउखोव्ह या संग्राहकाकडची साफ केलेली आयकॉन-चित्रे पाहून तो भारावला. १९१३ मध्ये मॉस्कोत प्राचीन रशियन कलेचे मोठे प्रदर्शन भरले आणि सामान्य लोकांनी हे रंग प्रथमच एकत्र पाहिले. म्हणजे पाचशे-सहाशे वर्षे जुनी असलेली ही रंगसंगती जगाला ठाऊक होऊन जेमतेम शंभर-सव्वाशे वर्षे झाली आहेत.

२३ फेब्रुवारी

बलक तयार करण्याची पद्धत : पांढरा भाग काढून बलक तळहातावरून तळहातावर फिरवत कोरडा करायचा, मग त्याचा पापुद्रा चिमटीत धरून खालून टोचायचा, म्हणजे आतला पातळ भाग वाटीत पडतो आणि पापुद्रा हातात राहतो. त्यात पाणी आणि थोडे व्हिनेगर. ही भर रोज ताजी करावी लागते.

रंगद्रव्यांपैकी गेरू, पिवळी माती आणि काजळी सहज मिळाली. हिरवी माती मागवावी लागली. रुब्लेव्हचा निळा लाजवर्द या निळ्या दगडाचा आहे, आणि त्या काळी युरोपला लाजवर्द बदख्शानच्या खाणींतून, आजच्या अफगाणिस्तानातून, मिळत असे. इतक्या दूरवरून आलेला आणि म्हणून अतिशय महाग. त्याऐवजी मी कृत्रिम अल्ट्रामरीन घेतला आहे. त्यातले निळे द्रव्य लाजवर्दातलेच असते, पण खऱ्या दगडात मिसळलेले पांढरट-करडे खनिज त्यात नसल्याने तो भडक लागतो. थोडी खडूची पूड आणि कणभर काजळी घालून त्याला खाली आणले. शिशाचा सफेदा विषारी म्हणून त्याऐवजी टायटॅनियमचा सफेदा वापरतो आहे.

फलक टेबलावर आडवा ठेवून, भरपूर पातळ रंग कुंचल्याने टेकवून, त्याचे डबके कोरलेल्या रेषेपर्यंत हळूहळू ओढत नेले. पाणी उडून जाते तसे रंगाचे कण खाली बसतात आणि कुंचल्याचा फटकारा न दिसणारा, पण थोडा ढगाळ, जिवंत पृष्ठभाग मिळतो. उजव्या देवदूताचे आतले वस्त्र निळे आणि वरचे हिरवे अशा दोन्ही जागा याच रीतीने भरल्या. दोन्ही मधल्या गडदपणाचे आहेत. त्यांवर उजेड अजून चढायचा आहे.

२ मार्च

गेले काही दिवस रंगांच्या अर्थाविषयी वाचतो आहे आणि एका गोष्टीने अस्वस्थ आहे. निळा म्हणजे स्वर्ग, तांबडा म्हणजे रक्त, हिरवा म्हणजे जीवन, अशी कोष्टके सर्वत्र सापडतात आणि ती लावून चित्र वाचले जाते. काही रंग परंपरेने ठरलेले होते हे खरेच आहे. पवित्र मरियेचे वरचे वस्त्र बहुधा गडद किरमिजी असते आणि त्यावर कपाळाशी व खांद्यांवर तारे असतात. ख्रिस्ताचे आतले वस्त्र तांबूस वा जांभळट आणि वरचे निळे असते. ‘त्रैक्य’ चित्रातल्या मधल्या देवदूताचे वस्त्र त्याच रंगांत आहे, बाहीवर सोनेरी पट्टाही आहे, त्यामुळे अनेक अभ्यासक त्याला पुत्र मानतात. काही जण मात्र मध्यस्थानामुळे त्याला पिता मानतात.

माझे मत असे आहे की रुब्लेव्हच्या रंगांना या प्रश्नाचे उत्तर द्यायचेच नव्हते. लक्षात घ्यावे ते हे की निळा तिघांकडेही आहे, पण प्रत्येकाकडे वेगळ्या प्रमाणात. मधल्याकडे तो बाहेर, खांद्यावरून उतरणारा मोठा, कोनदार पुंजका आहे. उजवीकडे तो हिरव्या वस्त्राआडून दिसतो. डावीकडच्याचे निळे आतले वस्त्र फिकट गुलाबी-जांभळ्या वरच्या वस्त्राने जवळजवळ झाकलेले आहे, आणि त्या गुलाबीवरचे उजेड निळसर आहेत. एकच द्रव्य तिघांत वाटले गेले आहे आणि तरी तिघे वेगळे आहेत. तीन व्यक्ती आणि एक सत्त्व, हे जे चर्चच्या पंथसूत्रांत शब्दांत सांगितले आहे, ते इथे एका निळ्या रंगाच्या वाटणीतून सांगितले आहे. असा अर्थ रंगांचे शेजार पाहिल्याशिवाय हाती लागत नाही.

शेजाराचा परिणाम दुसऱ्या एका चित्रातही पाहता येतो. पेरेस्लाव्ल-झालेस्की येथून आलेले, १४०३ च्या सुमाराचे ख्रिस्तरूपांतराचे आयकॉन, जे थिओफानेसच्या नावाशी जोडले जाते, त्यात डोंगरावर प्रकटलेल्या ख्रिस्ताचा निळसर प्रकाश खाली कोसळलेल्या शिष्यांच्या वस्त्रांवर, अगदी दगडांच्या कडांवरही उतरला आहे. वस्त्राचा रंग आणि उजेडाचा रंग तिथे वेगळे आहेत.

९ मार्च

चेहरा. या प्रकल्पातला सर्वांत कठीण आणि मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग.

पाश्चात्त्य पद्धतीने शिकलेला हात चेहरा रंगवताना त्वचेचा मधला रंग आधी लावतो आणि मग छाया गडद करत जातो. इथे उलट आहे. संपूर्ण चेहऱ्यावर प्रथम गडद, हिरवट-तपकिरी थर द्यायचा. पिवळी माती, हिरवी माती आणि काजळी यांचे हे मिश्रण. त्या वेळी चेहरा चेहऱ्यासारखा दिसतच नाही. मग कोरलेल्या रेषा गडद तपकिरीने पुन्हा काढायच्या : पापण्या, नाकाची बाजू, ओठ. त्यानंतर पिवळ्या मातीत थोडा सफेदा मिसळून पहिला उजेड कपाळ, गाल, नाकाचा दांडा आणि हनुवटी यांवर चढवायचा. दुसरा थर अधिक फिकट आणि त्याची जागा पहिल्यापेक्षा लहान. तिसरा त्याहून फिकट, त्याहून लहान. प्रत्येक थराची कड पाण्याने विरवत न्यायची, आणि बलक क्षणात वाळत असल्याने हे अतिशय पातळ रंगानेच जमते.

असे करत गेल्यावर एका टप्प्यावर गाल वर आला. मी कुठेही छाया रंगवलेली नव्हती. गालाच्या कडेला जी छाया दिसते तो पहिलाच हिरवट थर आहे, जिथे उजेड पोचला नाही तिथे तो तसाच उरला आहे. या प्रकल्पाच्या सुरुवातीला जो क्रम मांडला होता तो इथे डोळ्यांसमोर घडला : रेषेने सीमा दिली, रंगाने अंधाराची जमीन दिली, आणि घाट आला तो केवळ उजेडाच्या चढत्या थरांतून. अंधाराला इथे स्वतःचे अस्तित्व नाही, तो उजेडाचा अभाव आहे. आणि ग्रीक धर्मपित्यांनी दुष्टतेविषयी नेमके हेच म्हटले होते की ती चांगल्याचा अभाव आहे. चित्रकारांनी ते वाचून ही पद्धत शोधली असे मी म्हणत नाही. पण असे मानणाऱ्या समाजात ही पद्धत टिकली, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

ही पद्धत एका दिवसात आलेली नाही. सिनाई पर्वताच्या पायथ्याशी असलेल्या संत कॅथरीनच्या मठात सहाव्या शतकातले ख्रिस्ताचे आयकॉन आहे, वितळलेल्या मेणात रंग कालवून केलेले. सातव्या शतकानंतर तो प्रदेश बायझंटाईन साम्राज्याबाहेर गेल्याने चित्रभंजकांचा हात तिथे पोचला नाही आणि ते वाचले. त्यात रोमन व्यक्तिचित्रांची परंपरा स्पष्ट आहे : गालावर बाजूने पडलेली छाया आहे, आणि चेहऱ्याचे दोन अर्ध एकमेकांसारखे नाहीत, एक शांत तर दुसरा कठोर. पुढच्या शतकांत ती बाजूची छाया गेली आणि उजेड जणू आतून यावा तसा मध्यभागी जमू लागला.

त्याच तत्त्वाची दोन टोके थिओफानेस आणि रुब्लेव्ह यांच्यात दिसतात. नोव्हगोरोदच्या भित्तिचित्रांत थिओफानेस तांबूस-तपकिरी चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचे मोजके, तीक्ष्ण फटकारे मारून थांबतो. त्याचे तपस्वी अंगावर वीज झेलल्यासारखे दिसतात. एपिफानियस या समकालीन लेखकाने पत्रात लिहून ठेवले आहे की थिओफानेस नमुन्याकडे न पाहता, आलेल्या लोकांशी बोलत बोलत रंगवत असे. रुब्लेव्हने १४०५ मध्ये मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये त्याच्याबरोबर काम केले, म्हणजे तो हात त्याने जवळून पाहिला होता. तरीही ‘त्रैक्य’ चित्रात फटकारे नाहीत. थर एकमेकांत इतके विरले आहेत की उजेड कुठे सुरू झाला ते दाखवता येत नाही. थिओफानेसची ताकद मला मान्य आहे, पण चेहऱ्याच्या बाबतीत मी रुब्लेव्हच्या बाजूचा आहे, कारण त्याच्याकडे उजेड माणसावर आदळत नाही, त्याच्यात मुरतो.

१६ मार्च

वस्त्रांवर उजेड चढवले. हिरव्यावर पांढरट हिरवा, तीन पायऱ्यांत, सरळ कडांच्या पट्ट्यांनी. चेहऱ्यावर थर विरवायचे आणि वस्त्रावर ते धारदार ठेवायचे, हा भेद पाळला. घडीची रेषा आधी गडद होती. आता तिच्या शेजारचा उजेडच रेषेचे काम करतो. नंतर डोळ्यांखाली, नाकाच्या टोकाशी आणि खालच्या ओठावर शुद्ध पांढऱ्याच्या केसाएवढ्या रेघा. त्या पुसट ठेवल्या. अधिक ठळक केल्या असत्या तर चेहरा थिओफानेसच्या वाटेने गेला असता.

२३ मार्च

फलक रंगवून झाला आहे. परंपरेत आयकॉनवर नाव लिहिले गेल्याशिवाय ते पूर्ण मानत नाहीत, कारण चित्र कोणाचे आहे हे नावाने पक्के होते. इथे अडचण अशी की रुब्लेव्हने तिघांपैकी कोणालाही वेगळे नाव दिलेले नाही. काही इतर चित्रकारांनी मधल्या देवदूताच्या प्रभावलयात क्रूस काढून त्याला ख्रिस्त ठरवले. रुब्लेव्हची तिन्ही वलये साधी आहेत. १५५१ मध्ये मॉस्कोच्या चर्चपरिषदेने त्रैक्याचे चित्र कसे काढावे याविषयी निर्णय देताना रुब्लेव्हचे नाव घेऊन त्याचाच नमुना घालून दिला.

तिघांतून एक वेगळा काढला आणि त्याला नाव दिले, तर या चित्रातल्या रेषांनी आणि निळ्या रंगाने जे जपले आहे तेच मोडेल. म्हणून फलकावर काहीही लिहिणार नाही, आणि तो एकटा लावणारही नाही. रेषाभ्यासाचा मोठा कागद त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर लावायचा आहे, म्हणजे उजवीकडच्या देवदूताची मान कोणाकडे कलली आहे ते पाहणाऱ्याला दिसेल. जवसाचे तेल रंग पुरता पक्का झाल्यावर, पावसाळा सुरू होण्यापूर्वी, देईन. त्यानंतर डावीकडच्या देवदूताचे वस्त्र घ्यायचे आहे, कारण गुलाबीवर निळसर उजेड कसा चढतो हे अजून हाताने तपासायचे राहिले आहे.